ठोकळ्यांच्या लढाईत मन का रमतं

तुझा मेसेज दोनदा वाचला. हॉस्टेलवर मित्राच्या लॅपटॉपवर बॅटलबिट रिमास्टर्ड हा ऑनलाइन युद्धाचा गेम रात्री तीनपर्यंत खेळलास. माणसं विटा रचून केल्यासारखी, झाडं म्हणजे हिरवे सुळके, चेहरे जवळपास नाहीतच, तरी उठवेना. घरी मात्र वर्षभर पैसे साठवून घेतलेला झकास ग्राफिक्सचा युद्धाचा गेम पंधरा दिवसांत बाजूला पडला. ‘काका, असं का होतं? आणि आता माझ्या लॅपटॉपसाठी घेऊ का?’ असे तुझे दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे, म्हणून आधी पहिला घेतो.

मी या धंद्यात सोळा वर्षं आहे, ते दुसऱ्यांच्या गेमचं नेटवर्क लिहिण्याच्या कामात. आपल्या घरात समज आहे की हा दिवसभर गेम खेळतो आणि वर पगार घेतो. खरं तर मी दिवसभर पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या डेटाच्या पुड्या, मोजतो. त्यामुळे कुठलाही ऑनलाइन गेम बघताना माझं लक्ष बंदुकीच्या चकाकीकडे जायच्या आधी एकाच गोष्टीकडे जातं: एका मैदानात माणसं किती सोडली आहेत? बॅटलबिटमध्ये २५४. एकेका बाजूला १२७.

हा आकडा किती अवघड आहे ते सांगतो, म्हणजे त्या ठोकळ्यांकडे तू जरा वेगळ्या नजरेने बघशील. मैदानात ६४ जण असतील, तर प्रत्येकाची हालचाल बाकी ६३ जणांना कळवावी लागते. म्हणजे ६४ गुणिले ६३, साधारण चार हजार जोड्या. माणसं चौपट केली की जोड्या चौपट होत नाहीत, सोळापट होतात. २५४ गुणिले २५३ म्हणजे ६४ हजारांच्या वर. आता धर, की सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना जोडणारा मधला संगणक, सेकंदाला तीस वेळा सगळ्यांना खबर देतो आणि प्रत्येक खबरीला फक्त वीस बाइट लागतात. कोण कुठे, कुठल्या दिशेला बघतोय, उभा आहे की ओणवा, एवढंच. तरी सेकंदाला एकोणीस लाखांवर नोंदी आणि तीनशे मेगाबिटच्या आसपास डेटा. एकाच सामन्याचा! गोळ्या, हेलिकॉप्टर, पडलेल्या भिंती, आवाज हे अजून धरलेलंच नाही. म्हणून आम्ही लोक चोऱ्या करतो. तुझ्यापासून अर्धा किलोमीटर लांब, टेकडीमागे असलेल्या माणसाची खबर तुला सेकंदाला तीसदा कशाला? तीनदा पुरे. अशा शंभर चोऱ्या जमल्या की मग कुठे खेळ चालतो.

बॅटलफील्ड १९४२ हा मोठ्या कंपनीचा युद्धाचा गेम आला २००२ साली, तेव्हा मैदानात ६४ जण होते. त्याच मालिकेला १२८ पर्यंत पोचायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात, २०१० साली, प्लेस्टेशन ३ वर मॅग नावाचा एक गेम आला होता. त्यात २५६ जण एकत्र लढायचे, म्हणजे बॅटलबिटचा आकडा काही विक्रम नव्हे. पण मॅगच्या मागे सोनी होती. बॅटलबिट तिघांनी केला. वर्षानुवर्षं घासत बसले आणि १५ जून २०२३ ला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे ‘अजून पुरा झालेला नाही’ असं सांगूनच, १५ डॉलरला सोडला. दोन आठवड्यांत १८ लाख प्रती खपल्या. त्या उन्हाळ्यात ऐन गर्दीत एका वेळी ८५ हजारांवर लोक त्यात होते. मोठ्या कंपन्या तेव्हा असल्या गेमला साठ-सत्तर डॉलर घेत होत्या.

आता ठोकळ्यांकडे येऊ. तुझे मित्र म्हणतात की पैसे नव्हते म्हणून असं दिसतं. बरोबरच आहे, पण पैसे नसण्याचा उपयोग त्यांनी कसा करून घेतला ते बघ. साध्या आकृत्यांमुळे एकाच चौकात साठ-सत्तर माणसं आली तरी जुना लॅपटॉप गुडघे टेकत नाही. मोठ्या गेममध्ये एक बंदूक हुबेहूब उभी करायला एकेका कलाकाराचे आठवडेच्या आठवडे जातात. इथे ती वेळ वाचते. सगळा गेम डिस्कवर दोन-तीन जीबीत बसतो. १२८ जणांच्या त्या बॅटलफील्डला, बॅटलफील्ड २०४२ ला, शंभर जीबी मोकळी ठेवावी लागते. गावाकडच्या नेटवर दोन जीबी म्हणजे जेवण होईपर्यंत उतरेल. शंभर जीबी म्हणजे तू सुट्टी संपवून परत हॉस्टेलला.

त्यातही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट भिंती. या गेममध्ये भिंती फुटतात, रॉकेटने तर फुटतातच, पण हातोडा घेऊनही फोडता येतात. नेटवर्कवाल्याला हे दुःस्वप्न असतं. फुटलेली प्रत्येक भिंत २५४ जणांकडे एकसारखी फुटलेली दिसली पाहिजे, आणि वीस मिनिटांनी आत आलेल्या नवख्यालासुद्धा. हुबेहूब दगडी भिंत हजार वेड्यावाकड्या तुकड्यांत फुटणार असेल तर ते हजार तुकडे सगळ्यांना कसे सांगायचे? पण भिंत म्हणजे एक पाटी असेल तर सांगायला एक बिट पुरतो: आहे किंवा नाही. त्यांनी आतून नेमकं असंच केलंय का ते मी त्यांच्या कोडमध्ये डोकावून पाहिलेलं नाही, पण मी असंच केलं असतं. ठोकळा दिसायला गरीब असतो, पण पाठवायला फार स्वस्त.

आणखी एक फायदा तुझ्या लक्षातही आला नसेल. झकास ग्राफिक्सच्या गेममध्ये धूळ, गवत, सावल्या, ऊन यांच्या गर्दीत माणूस दिसतच नाही. मग बनवणारेच त्याच्या डोक्यावर लाल खूण लावतात, म्हणजे आधी लाखो रुपये घालून लपवायचा आणि मग बाण काढून दाखवायचा. बॅटलबिटमध्ये सपाट रंगाच्या भिंतीपुढे कुणी हललं की हललं. मेलास तर का मेलास हे बहुतेकदा कळतं. खेळणारा मरणाला कंटाळत नाही, न कळणाऱ्या मरणाला कंटाळतो.

पण ठोकळे हे काही तुझ्या रात्री तीनचं कारण नव्हे. त्याचा पुरावा माझ्याकडे आहे. रेवनफील्ड नावाचा गेम आहे, २०१७ पासून स्टीमवर, मुख्यतः एकाच माणसाने केलेला. निळे विरुद्ध लाल, तसेच साधे ठोकळे, तशीच रणगाडे-हेलिकॉप्टरची धमाल, हवी तेवढी गर्दी. फक्त त्यात समोर आणि बाजूला सगळे संगणकाने चालवलेले बॉट. मी त्यात मजेने एक रविवार घालवतो आणि रात्री दहाला झोपतो. बॉट मला कधी जागं ठेवत नाही. कारण मी त्याला वाचवलं काय आणि नाही वाचवलं काय, त्याला फरक पडत नाही.

म्हणून माझं उत्तर असं आहे: स्वस्त ग्राफिक्सच्या बदल्यात त्यांनी गर्दी विकत घेतली, आणि त्या गर्दीत सामान्य खेळाडूला काम दिलं. नेमबाजीच्या अनेक ऑनलाइन गेममध्ये पाच विरुद्ध पाच असतात. तिथे तू कच्चा असशील तर दोन मिनिटांत सगळ्यांना कळतं आणि चार जण तुझ्यावर खेकसतात. १२७ मध्ये तुला कुणी ओळखत नाही. त्या निनावीपणात फार सुख आहे. वरातीत नाचायला कुणाला नाच यावा लागतो?

माझंच घे. माझे हात आता चाळिशीतले आहेत. सोळा वर्षांचं पोर माझ्यावर नेम धरतं तेव्हा मला अजून माउस सापडलेला नसतो. एका रात्री माझा हिशेब झाला तीन मारले, बावीसदा मेलो. तरी आमच्या बाजूच्या यादीत मी वरच्या काही जणांत होतो, कारण मी मेडिक, म्हणजे जखमींना उठवणारा, होतो. शहराचा नकाशा, चौकाच्या कोपऱ्यावर एक चौमजली इमारत, तिच्या तळमजल्यावर आमचे आठ-दहा जण आडवे पडलेले. रस्ता ओलांडायचा तर पलीकडच्या गच्चीवरून गोळ्या. मी धुराचा एक गोळा टाकला, पळत गेलो, पहिल्याला पायाला धरून भिंतीआड ओढला आणि पट्टी बांधली. तो उठला, त्याने दुसरा धूर टाकला. मग दोघांनी दोघं ओढले. पाचव्या मिनिटाला तिथून आठ-दहा जण उठून पलीकडे धावले. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नव्हतो. त्या पाच मिनिटांत मी एकही गोळी झाडली नव्हती. खुर्चीतून उठलो तेव्हा चहावर साय धरली होती.

या प्रसंगाच्या मागे बारीक बारीक नियम आहेत आणि ते कुणीतरी फार विचार करून ठेवलेत. गोळी लागली की रक्त वाहू लागतं आणि पट्टी बांधेपर्यंत वाहतच राहतं. पट्ट्या मोजक्या असतात, त्यामुळे मेडिक दिसला की लोक मुंगळ्यासारखे चिकटतात. पडलेल्याला ओढून आडोशाला नेता येतं. बंदुकीचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, अर्धं रिकामं असताना बदललंस तर त्यातल्या उरलेल्या गोळ्या आपोआप बाकीच्या गोळ्यांत मिसळत नाहीत, ते अर्धं मॅगझिन अर्धंच खिशात राहतं. घाईत फेकून दिलंस तर गेलं. असल्या चार अडचणींमुळे बाजूच्या माणसाची गरज पडते. तो दारूगोळा देतो, मी पट्टी बांधतो, तिसरा वाळूची पोती रचतो. सगळं स्वतःपाशी असतं तर कुणी कुणाकडे बघितलं नसतं. एकच जमात या सगळ्याबाहेर असते, डोंगरावर पालथे पडून लांबून नेम धरणारे स्नायपर. त्यांच्याबद्दल मी चांगलं बोलणार नाही.

आणि आवाज. या गेममध्ये माइक चालू असला की जवळपासच्या सगळ्यांना ऐकू येतं, शत्रूलासुद्धा. पडल्यावर जीव जाईपर्यंत बोलता येतं. त्यामुळे रणांगण म्हणजे यष्टी स्टँड होऊन जातं. कुणी मेडिकच्या नावाने टाहो फोडतोय, कुणी जर्मन भाषेत शिव्या घालतोय, कुणाच्या मागे प्रेशर कुकरची शिट्टी होते. एकदा जिन्याच्या वळणावर मी एकाला पाडला, आणि खाली पडता पडता तो स्वच्छ आवाजात म्हणाला, ‘आयला, हा कुठनं आला!’ मी दचकून माइकवर म्हटलं, ‘मागच्या दारानं.’ क्षणभर शांतता. मग तो हसायला लागला. त्या हसण्यात त्याच्या जोडीदाराने मला उडवला ते सोड. इतक्या लांबच्या सर्व्हरवर आपल्या भाषेतलं माणूस विरुद्ध बाजूला निघावं, ही गोष्ट कुठल्याही भारी ग्राफिक्समध्ये बसत नाही.

मला या सगळ्यात जुनी ओळख लागते. २००५-०६ च्या सुमारास पुण्यात सायबर कॅफेत आम्ही काउंटर-स्ट्राइक १.६ हा नेमबाजीचा गेम खेळायचो. तासाला वीस-पंचवीस रुपये, बारा मशीन, एकच पंखा. मॉनिटर असे की शत्रू आणि खांब यांत फरक करणं अवघड. पण मेलेला माणूस तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून ओरडत असायचा, आणि मारणारा मागच्या रांगेतून दात काढायचा. ती मजा पडद्यावर नव्हती, खोलीत होती. पुढे प्रत्येकाच्या घरी मशीन आलं आणि खोली गेली. बॅटलबिटने जवळच्याच माणसाला ऐकू जाणारा तो माइक देऊन खोलीचा थोडा भाग परत आणला, असं मला वाटतं. तुझ्या पिढीला ही चव आधी मोबाइलवर पबजीने लावली होती, सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी येईपर्यंत. तुम्ही पोरं तेव्हाही नेमबाजीपेक्षा गप्पांसाठीच चौघं चौघं जमायचात, हे मी वाड्याच्या जिन्यात बसून ऐकलंय.

आता वाईट बाजू, कारण तू पैसे घालणार आहेस.

एक, पिंग. तुझ्या क्लिकची खबर सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो तो पिंग. महाराष्ट्रातून सिंगापूरला चांगल्या लाइनवर साठ-सत्तर मिलिसेकंद, युरोपला सव्वाशे-दीडशे. असल्या गेमचा सर्व्हर सहसा तुझ्या बाजूने न्याय करायला बघतो: तू गोळी झाडलीस तेव्हा तुझ्या पडद्यावर शत्रू कुठे होता, हे तो काळ मागे नेऊन तपासतो. पण हाच न्याय समोरच्यालाही मिळतो. म्हणून तू भिंतीआड पोचलास असं तुला दिसतं आणि तरी मरतोस. त्याच्या पडद्यावर तू अजून पोचलेला नव्हतास. फसवणूक नाही ती, दोन ठिकाणचे दोन वर्तमानकाळ आहेत. मोठ्या मैदानात आणि मेडिकच्या कामात हे खपून जातं. कोपऱ्यावर समोरासमोर आलास की दीडशे पिंगवाला आधी मरतो. वायफाय सोडून केबल लाव, निम्मी चिडचिड तिथेच संपेल.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. गर्दी हीच या गेमची पुंजी आहे, आणि गर्दी निघून जाते. २०२३ च्या शेवटाकडे अपडेट विरळ झाले. २०२४ मध्ये तर महिनोन्‌महिने काही आलं नाही. मोठं अपडेट येणार, येणार असं ऐकू येत राहिलं आणि लोक कंटाळून गेले. एका वेळचे ८५ हजार उतरत उतरत काही हजारांवर आणि मग त्याहून खाली आले. त्या तिघांवर लोक फार तोंडसुख घेतात. मी घेणार नाही. तीन माणसांनी १८ लाख गिऱ्हाइकं सांभाळायची म्हणजे काय, हे मी लहान प्रमाणावर भोगलंय. एका गेमवर काम करताना आम्ही पाच जण होतो आणि लोक अपेक्षेच्या दहापट आले. पुढचे तीन महिने नवी एक ओळ लिहिली नाही, फक्त चीटर हाकलले आणि कोसळलेले सर्व्हर उभे केले. खपाच्या त्या पहिल्या आठवड्यात आम्ही पेढे वाटले होते.

पण गिऱ्हाईक म्हणून तुला त्याचं काय? पाच विरुद्ध पाचच्या गेमला दहा माणसं मिळाली की रात्र निघते. इथे मैदान २५४ जणांसाठी आखलेलं आहे. त्यात साठ माणसं सोडलीस तर ती पहाटेच्या तुळशीबागेसारखी वाटतात. मॅगचं शेवटी काय झालं? जानेवारी २०१४ मध्ये सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण किंमत मोजून घेतलेली डिस्क चहाच्या कपाखाली ठेवण्याच्या लायकीची उरली. एकट्याने खेळायला त्यात काहीच नव्हतं. तुझ्या घरच्या झकास गेममध्ये निदान एकट्याची मोहीम तरी असेल. ती तीन वर्षांनीही खेळता येईल.

म्हणून असं कर. घाई नको, सूट लागायची वाट बघ, असले गेम स्टीमच्या सेलमध्ये स्वस्त होतात. दरम्यान आठवडाभर रोज रात्री साडेनऊला स्टीमवर बघ, त्या क्षणी किती जण खेळतायत. तो आकडा विकत न घेता दिसतो. आपल्याकडचे साडेनऊ म्हणजे युरोपात संध्याकाळ, तेव्हाही मोजकेच शंभर-दोनशे दिसले तर पैसे खिशात ठेव. आकडा बरा वाटला तर शनिवारी घे, आत जाऊन सर्व्हरची यादी पिंगप्रमाणे लाव, आणि दीडशेच्या आतले किमान दोन सर्व्हर भरलेले आहेत का ते मोज. नसतील तर परत कर. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला की पैसे मिळतात. दोन तासांचं घड्याळ मेनूमध्ये बसलास तरी चालूच असतं, तेव्हा आत शिरून सेटिंग्जशी चाळे करत बसू नकोस. लॅपटॉपला साधं ग्राफिक्स कार्ड असलं तरी भागेल. रॅम आठ जीबी असेल तर ब्राउझर बंद ठेव. आणि मित्राचा लॅपटॉप अजून मिळत असेल, तर घेण्याआधी त्याच्यावरच एक शनिवार पुन्हा खेळून बघ. पहिल्या रात्रीची नशा कितीशी गेमची होती आणि कितीशी हॉस्टेलची, ते तुला कळेल.

एक गोष्ट मात्र तू लिहिली नाहीस: त्या रात्री तू कोण होतास? मेडिक असशील तर वरचं सगळं लागू. डोंगरावर पालथा पडला होतास, तर आधी तसं कळव. मग मला हे उत्तर नव्याने लिहावं लागेल, आणि त्याचा सूर एवढा प्रेमाचा नसेल.